न वाजलेली टाळी

३ एप्रिल, सोमवार

डॉक्टरांनी आज पुन्हा टोकलं. "ताई, ती शीळ बंद करा. चाचणीच्या बूथमध्ये बसलेल्या माणसाला वाटतं, यंत्रातूनच येतेय." मी म्हटलं, बूथचं दार चांगलं जाड आहे. तर म्हणे, "दार जाड आहे हो, माझे कान पातळ आहेत." कानाच्या डॉक्टरांचे विनोदही कानाचेच. हसले झालं.

शीळ म्हणजे मोठी काही नाही. दातांच्या फटीतून, काम करताना, बारीक. कधी सुरू होते ते माझं मलाही कळत नाही. आई म्हणायची, बाईनं शीळ घातली की घरात साप येतो. साप काही आला नाही. हे आले. आणि ह्यांनी इतक्या वर्षांत एकदाही हटकलं नाही. मुलगी घरात होती तोवर ती चिडवायची तरी, आई, तुझी किटली झाली का म्हणून. हे नुसते ऐकतात. आवडत असणार. नाहीतर गप्प बसणाऱ्यांतले आहेत का हे!

दुपारी शाळेच्या मुख्याध्यापिका कान साफ करून घ्यायला आल्या आणि मलाच काम लावून गेल्या. पुढच्या आठवड्यात सातवीच्या वर्गाला 'लाटा' सांगायच्या. विज्ञानात आवाजाची लाट, भूगोलात समुद्राची, नागरिकशास्त्रात जनमताची. तीन शिक्षकांनी तीन लाटा शिकवल्या आणि मुलांनी पेपरात तिन्ही एकत्र कालवून ठेवल्या. "तुम्ही दिवसभर लोकांची ऐकण्याची चाचणी घेता, आणि तुमचे कप्तान दिवसभर पाण्यावर. घरातच सगळं आहे की." हो म्हणून बसले. मला नाही म्हणायला कधी जमलंय?

४ एप्रिल

जेवताना ह्यांना विचारलं, लाट म्हणजे काय हो? उत्तर नाही. पुन्हा विचारलं, जोरात. "ओरडतेस कशाला, ऐकू येतंय की." मग पहिल्यांदा का नाही बोललात? "विचार करत होतो."

विचार करून झाल्यावर उठले, बादली भरली, त्यात बुचाचा तुकडा टाकला आणि कडेला पाण्यावर टिचकी मारली. बूच वर गेलं, खाली आलं, राहिलं तिथंच. "बघ. लाट गेली, पाणी इथंच आहे. नवख्याला वाटतं, लाट पाणी घेऊन येते. ती फक्त धक्का घेऊन येते." जन्मभर खाडीवर लाँच चालवून एवढं एकच वाक्य. पण माझं अर्धं भाषण झालं.

आवाजाचंही तेच. माझ्या तोंडातली हवा काही ह्यांच्या कानापर्यंत जात नाही. मधली हवा जागच्या जागी हलते आणि धक्का पोचतो. निदान पोचायला हवा.

ताटं उचलताना म्हणाले, महिनाअखेर फिटनेसचा कागद द्यायचाय. डोळे, रक्तदाब, कान. एकात जरी नापास झाले तरी चाक गेलं. पन्नास माणसं घेऊन खाडी ओलांडणाऱ्याला समोरून आलेला हॉर्न ऐकू यायलाच हवा, त्यात वाकडं काही नाही. "दोन वर्षांचा तर प्रश्न. पूल झाला की लाँच बंदच. पण शेवटची फेरी मी मारणार." गेलं वर्षभर हे एकच घोकतायत. दुसरं काही कधी मागितलेलं आठवत नाही ह्यांनी.

६ एप्रिल

उकाडा. पेपरात लिहिलंय, उष्णतेची लाट. लाट म्हणे! पंखा सोडून काही हलत नाही. भाषणात हिला घ्यावं की नाही? धक्का कुठून कुठं जातो ते मला तरी दिसत नाही. घाम मात्र बघावा तिथं.

पुलाची लाट खरी. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीनं 'लाँच वाचवा' म्हणून सह्या केल्या होत्या. मग दुकानदार म्हणाला, पूल हवा. मग न्हावी म्हणाला. मग न्हाव्याकडे जाणारे सगळे. काल नणंदबाईंचा फोन — "पूल झालाच पाहिजे बाई, किती दिवस असे काढायचे?" पूल झाला की सख्ख्या भावाचं काम जाणार, हे गावीही नाही. उद्या दुसरा धक्का आला की हीच माणसं खाली. बुचासारखी. जागा कुणी सोडलेली नाही.

हे मुलांना सांगावं का? नको. घरी जाऊन सांगतील, आणि दुकानदाराकडे माझं खातं आहे.

८ एप्रिल, शनिवार

ह्यांची चाचणी झाली. घरच्या माणसाची आपण घ्यायची नाही असा नियम आहे, पण चाचणी घेणारी दुसरी बाई बाळंतपणाच्या रजेवर. डॉक्टर म्हणाले, "घ्या तुम्हीच. सही माझी आहे ना."

आत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात बटण. सूर ऐकू आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. आतून माझे हात दिसू नयेत म्हणून मी काचेकडे पाठ करून बसते. जाड सुरापासून पातळ सुरापर्यंत जायचं, आणि प्रत्येक सूर हळूहळू बारीक करत न्यायचा. ह्यांनी एक चुकवला नाही! बटण दाबलं की माझ्यासमोर दिवा लागतो. तो नुसता लागतोय, लागतोय. डॉक्टर आलेख बघून म्हणाले, "इंजिनाशेजारी जन्म काढला आणि कान तिशीतले? नशीबवान माणूस."

आनंद झाला. रस्त्यापर्यंत टिकला. मग डोक्यात उजेड पडला — म्हणजे ह्यांना सगळं ऐकू येतं! किटली कोकलते तेव्हा. मुलीचा फोन वाजून वाजून बंद होतो तेव्हा. मी तिसऱ्यांदा हाक मारते तेव्हा. इतकी वर्षं मी समजून घेत होते, की इंजिनाचा परिणाम असेल, वय झालं. कसला परिणाम? ऐकू येत होतं, ऐकत नव्हते. आता कागदावर पुरावा आहे, आणि तो मीच काढलाय.

९ एप्रिल

अबोला धरलाय. कारण सांगितलेलं नाही. ज्याचे कान तिशीतले आहेत त्यानं ओळखावं. चहासुद्धा न विचारता केला आणि आदळला.

१० एप्रिल

ओळखलेलं नाही. मजेत आहेत.

११ एप्रिल

संध्याकाळी भोंगा आला. भोंगा म्हणजे लाँचवरचा खलाशी. पाळण्यातलं नाव त्याच्या आईलाच ठाऊक. त्यानं दारात "वहिनी" म्हटलं की वरच्या मजल्यावरची वहिनीही डोकावते. म्हटलं, अरे बाबा, हळू बोल, इथं कुणी बहिरं नाही. बिचारा ओशाळला. "सवय लागली वहिनी. आधी मी असा नव्हतो. कप्तानांना दोनदा सांगायला लागू नये म्हणून मोठ्यानं बोलायला लागलो, आता उतरतच नाही आवाज."

मग आपणहूनच सांगायला लागला. परवा सकाळी धुरकट होतं आणि रेतीचा बार्ज आडवा आला. त्यानं दोनदा हॉर्न दिला. "मी कप्तानांचा खांदा हलवला, तेव्हा कुठे चाक फिरलं. हल्ली फार विचारात असतात." हे शेजारी बसून गालातल्या गालात हसत होते. तोंडावर आलं होतं, एवढा कसला विचार असतो हो? पण गिळलं. तीन दिवसांचा अबोला असा वाया घालवायचा नव्हता.

१३ एप्रिल, गुरुवार

शाळेत जाऊन आले.

आधी मुलांना ओळीनं उभं राहायला आणि बसायला लावलं. एकाचं बघून दुसऱ्यानं. लाट पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत सुरेख गेली आणि एकाही मुलानं जागा सोडली नव्हती. बुचाची गोष्ट सांगितली. एकानं विचारलं, "तापाची लाट येते तेव्हा धक्का कोण देतं?" मी म्हटलं, शेजारी बसून शिंकणारा. हशा. दुसऱ्यानं विचारलं, लाट संपते कुठे? किनाऱ्यावर, म्हटलं. आवाजाला किनारा कुठला? कान, म्हटलं. बरं वाटलं मुलांना. मला विशेष पटलं नाही.

मग डोळे मिटायला लावले. टाळी ऐकू आली की हात वर करायचा. टाळ्या वाजवत गेले, हळूहळू बारीक करत. तेवढ्यात शिपाई पाण्याचा पेला घेऊन दारात आला आणि माझे हात तसेच राहिले. टाळी वाजलीच नाही. तरी अर्ध्या वर्गाचे हात वर! शिपाई हसला, मीही हसले. सांगितलं, फसलात, मी वाजवलीच नव्हती. सगळ्यांनी ऐकलं, पण पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी ऐकेना. "वाजवलीत, बाई. बारीक होती, पण मला ऐकू आली." खोटं बोलत नव्हती ती. रडायलाच आली. जवळ घेऊन समजावलं, की माझ्या टाळ्या सारख्या अंतरानं पडत होत्या, म्हणून पुढची तुझ्या डोक्यानंच वाजवली. लाँचनं पलीकडून येते रोज. ह्यांना ओळखते म्हणाली.

बाहेर पडले आणि फाटकापाशीच थांबले.

आमच्या कामात पहिल्याच दिवशी शिकवतात, दोन सुरांमधलं अंतर कधी सारखं ठेवायचं नाही. एकदा लगेच द्यायचा, एकदा वाट बघायला लावायची. नाहीतर माणूस अंदाजानं बटण दाबतो. मी देते का तसं? शेवटचं कधी लक्ष दिलं होतं मी? हाताला वळण पडून गेलंय. सूर, दोन श्वास, सूर, दोन श्वास. कांदा चिरते तशी. बाकीच्यांचं सोडा, पण ज्याची दाढी रोज माझ्या चिरण्याच्या तालावर होते, तो माणूस —

कदाचित उगाचच. उन्हानं डोकं तापलंय.

१४ एप्रिल

उगाच नाही.

हे लाँचवरून येतात, गॅलरीत बसतात. मी ओट्यापासून विचारते, "चहा ठेवू?" उत्तर येतं, "अर्धाच." रोजचं आहे. आज अबोल्यामुळे विचारायचं नव्हतंच, आणि चहाला हातही लावला नव्हता. नुसती ओट्याशी उभी होते, कालच्या विचारात. गॅलरीतून आवाज आला, "अर्धाच."

आधी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, खिजवतायत. बाहेर जाऊन बघते तर शांतपणे पेपर वाचतायत. मी विचारलं, असंच त्यांना वाटलं होतं. आणि मग कळलं — मी पाच दिवस बोलत नाहीये, हे ह्यांच्या लक्षातच आलेलं नाही. माझी बाजूही तेच मनातल्या मनात बोलत होते.

चहा ठेवला. अर्धाच.

१५ एप्रिल, शनिवार

यंत्र दुरुस्त होऊन आलंय, एकदा तपासून बघू, अशी थाप मारून ह्यांना दवाखान्यात नेलं. बूथमध्ये बसवलं. पहिले काही सूर खरे दिले, माझ्या नेहमीच्या चालीनं. मग हात मांडीवर ठेवले. काहीच दिलं नाही. फक्त मनात, दोन श्वास.

दिवा लागला. दोन श्वास. पुन्हा लागला. पुन्हा. मी वळून काचेतून बघितलं. डोळे मिटलेले, मान जराशी कललेली, अगदी मन लावून ऐकत होते.

मग शिकवली होती तशी चाचणी घेतली, वेडीवाकडी, अंदाज येऊ न देता. पातळ सूर जवळजवळ सगळे गेलेत. मधलेही खाली आलेत. इंजिन चालू असताना समोरचा हॉर्न ऐकू येणं म्हणजे नशिबाचा भाग.

दार उघडून सांगितलं. म्हणाले, "पण मला ऐकू आलं. बारीक होते, पण आले." शब्द न् शब्द त्या मुलीचा. मी म्हटलं, अहो, मी काही वाजवलंच नव्हतं.

हेडफोन मांडीवर घेऊन बसून राहिले. "मग मी काय ऐकत होतो?"

उत्तर मला माहीत होतं. दवाखान्यात कसं द्यायचं ते माहीत नव्हतं.

मग म्हणाले, "पण आधीच्या कागदावर सही झालीय ना? दोन वर्षं, गं. भोंगा असतो शेजारी." माझ्याकडे बघत होते, ओठांकडे. कधीपासून ओठांकडे बघतात हे?

१६ एप्रिल, रविवार

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. माझ्या इकडे नवरा आणि तिकडे खाडी.

सकाळपासून स्वतःशी भांडतेय. एवढी वर्षं एक ओरखडा आला नाही लाँचला. पूल होईपर्यंतच तर. भोंगा आहे, त्याचे डोळे घारीचे. आणि मग प्रत्येक वेळी ती दोन वेण्यांची मुलगी येऊन लाँचच्या पुढच्या बाकावर बसते.

आणि शेवटची फेरी? पुलावर फटाके वाजत असताना हे घरात बसलेले बघणार मी.

वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

१७ एप्रिल

डॉक्टरांना सांगितलं. चूक माझ्या हाताची, ह्यांनी फसवलेलं नाही, आणि ह्या वर्षी फिटनेससाठी तपासलेल्या सगळ्यांना परत बोलवायला हवं. भडकले. "ताई, माझी सही आहे त्याच्यावर! आणि कप्तानांचा दोन वर्षांचा तर प्रश्न." म्हटलं, बार्ज दोन वर्षं थांबणार नाही. दार लावून आत गेले ते दुपारपर्यंत. मग स्वतःच नवा कागद लिहून आणला. "घरी काय सांगणार?" म्हटलं, घरी ऐकू येईल अशा आवाजात सांगेन.

सांगितलं. ह्यांनी कागद वाचला, घडी केली, खिशात ठेवला. आता ह्यांचा अबोला. हा खरा आहे.

१९ एप्रिल

चाक दुसऱ्याकडे गेलं. तरीही हे रोजच्या वेळेला उठले, दाढी केली, गणवेशाच्या शर्टाला इस्त्री केली आणि तो पुन्हा कपाटात टांगला.

भोंगा भेटायला आला. इतका दुखावला होता, की पहिल्यांदाच हळू बोलत होता. त्यामुळे ह्यांना काहीच कळलं नाही. तो गेल्यावर मला विचारलं, "काय म्हणत होता?" म्हटलं, तुमच्याशिवाय लाँच ओकीबोकी वाटते म्हणत होता. "एवढंच? एवढा वेळ?"

अबोला तेवढ्यापुरता सुटला. मग पुन्हा.

२७ एप्रिल, गुरुवार

दोन्ही कानांत यंत्रं बसवली. डॉक्टरांनीच लावून दिली, माझ्या हाताला आज भरवसा नव्हता. त्यांचं म्हणणं, सवय झाली की यंत्रांसकट परत चाचणी घेऊ, कदाचित चाक मिळेलही. दुसरी बाई रजेवरून आली की तीच घेईल. मी त्या दिवशी इमारतीतही थांबणार नाही.

हे दिवसभर हैराण. "पेपर केवढा वाजतो गं!" "ही किटली बिघडली का?" भोंग्याला तर दारातच हात जोडले, "बाबा रे, मारशील मला." तो एवढा खूश झाला की आणखीच मोठ्यानं हसला.

संध्याकाळी ओट्यापासून विचारलं, चहा ठेवू? गॅलरीतून आवाज, "काय म्हणालीस?"

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

२९ एप्रिल

सकाळी कांदा चिरत होते. मान वर केली तर हे दारात. अर्ध्या गालाला साबण. कधीचे उभे होते कोण जाणे.

"परत घालायला लागलीस?"

काय?

"शीळ. पोरगी नोकरीला लांब गेली त्या वर्षीच बंद केलीस ना तू. खूपदा वाटायचं, विचारावं. पण म्हटलं, कशाला खपली काढा."

मी एक दिवसही बंद केली नव्हती.